जुना रंग उतरवताना

आगगाडीच्या रुळांनी उज्जैन शहराचे दोन भाग केले आहेत. एका अंगास महाकाळाचे देऊळ, क्षिप्रेचे घाट आणि अरुंद गल्ल्यांचे प्राचीन गाव. दुसऱ्या अंगास टॉवर चौक, फ्रीगंज आणि माधवनगर ही रुंद रस्त्यांची अर्वाचीन वस्ती. माधवनगर या नावात ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे (१८७६–१९२५) यांची स्मृती राहिली आहे, आणि शिंद्यांच्या अमलापासून माळव्यात स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आजही उज्जैनमध्ये नांदत आहेत. आपल्या ख्रिस्तसभेच्या दृष्टीने पाहता, १९६८ साली येथे सीरो-मलबार परंपरेचे एक्झार्केट स्थापन झाले व १९७७ साली त्यास धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. तथापि तेथील मिशनकार्याचा वृत्तान्त आज आम्ही सांगणार नाही. आमचा विषय गॅरेजातला आहे: गाडीवरचा जुना रंग नवा रंग देण्यापूर्वी कसा काढावा.

विषय क्षुल्लक वाटेल. पण त्यात एका तरुण मुलाच्या फुप्फुसांचा प्रश्न गुंतलेला आहे, म्हणूनच आम्ही त्यास येथे जागा देत आहोत. माधवनगरातील एका मराठी कॅथलिक कुटुंबात वडिलार्जित जीपगाडी आहे. पावसाळा सरल्यावर तिला नवा रंग द्यावा असे घरात ठरले. मुलाने भाड्याने कॉम्प्रेसर आणून, नदीची वाळू वाळवून व चाळून, तिचा फवारा मारून अंगणातच जुना रंग उडवण्याचा बेत केला. तोंडाला ओला रुमाल बांधला म्हणजे पुरे, असे त्यास कोणी जाणत्याने सांगितले होते. त्याच्या आईने आम्हांस लिहून विचारले, "हे खरे काय?"

नाही, हे खरे नाही. परंतु नुसते 'नाही' म्हणून तरुण मुलांचे समाधान होत नसते, आणि होऊही नये. म्हणून थोडे मुळापासून सांगतो.

माळव्याची जमीन काळी. पावसाळ्यात तिचा चिखल चाकांबरोबर उडतो, मडगार्डच्या आतल्या बाजूस व सांगाड्याच्या खोबणीत जाऊन बसतो, आणि वरून सुकलेला दिसला तरी आत कित्येक दिवस ओल धरून राहतो. लोखंडास गंज चढण्यास पाणी व हवा यांव्यतिरिक्त काही लागत नाही. ती दोन्ही येथे एकत्र नांदतात. रंगाचा पापुद्रा एका जागी फुटला की गंज त्या फटीतून शिरतो आणि रंगाच्या खालून पसरत जातो. वरून पाहणाऱ्यास फक्त बारीक फोड दिसतात. अशा पत्र्यावर कितीही उंची रंग चढवला तरी तो पत्र्याला धरत नाही, गंजाला धरतो. आणि गंज सुटला की त्याच्याबरोबर तोही सुटून येतो. म्हणून जुना रंग व त्याखालचा गंज काढल्यावाचून गत्यंतर नाही.

काढण्याचे मार्ग अनेक आहेत. घासकागद व तारेचा ब्रश घेऊन दिवसेंदिवस घासत बसणे हा सर्वांत जुना. रिमूव्हर नावाचे औषध लावून रंग फुगवणे व पत्रीने खरवडणे हा दुसरा. त्याची वाफ डोक्यात जाते आणि त्याचा थेंब कातडीवर पडल्यास भाजते, म्हणून ते उघड्या हवेत व हातमोजे घालूनच करावे. ज्योतीने रंग जाळणे हा तिसरा. तो आम्हांस अजिबात पसंत नाही, का ते पुढे येईल. या सर्वांत कष्ट फार, आणि खाचाखोचांतील गंज काही केल्या निघत नाही. म्हणूनच ज्यास गॅरेजातले लोक सँडब्लास्टिंग म्हणतात त्या चौथ्या मार्गाची सर्वांना भुरळ पडते.

या युक्तीचा जनक बेंजामिन च्यू टिल्घमन हा अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराचा रहिवासी. यादवी युद्धात त्याने सेनाधिकारी म्हणून काम केले होते. वाऱ्याने उडणाऱ्या वाळूमुळे खिडकीच्या काचा धूसर होतात हे पाहून त्यास ही कल्पना सुचली असे सांगतात. १८७० साली त्याने तिचे पेटंट घेतले. तत्त्व अगदी साधे आहे. कॉम्प्रेसरने हवा दाबून भरावयाची, ती जाड नळीतून सोडावयाची, वाटेत तिच्यात कठीण कण मिसळावयाचे आणि नॉझलच्या अरुंद तोंडातून तो झोत लोखंडावर सोडावयाचा. प्रत्येक कण म्हणजे एक लहानशी छिन्नी. अशा लक्षावधी छिन्न्या एका क्षणात रंगावर आदळल्या म्हणजे रंग, गंज आणि मळ सर्वच उडून जाते व खाली राखाडी रंगाचे, किंचित खरखरीत, स्वच्छ लोखंड दिसू लागते. हा खरखरीतपणा दोष नव्हे. नव्या रंगास पकड मिळते ती त्यामुळेच. गुळगुळीत घोटलेल्या पत्र्यावर रंग तितका टिकत नाही.

मग दोष कोठे? पहिला दोष पत्र्याच्या बाबतीत आहे. जीपगाडीचा सांगाडा, धुरा, चाकांच्या चकत्या हे सर्व जाड लोखंड; त्यांना झोताचे भय नाही. परंतु बॉनेट, दरवाजे, मडगार्ड यांचा पत्रा साधारण मिलिमीटरभर, पुष्कळ गाड्यांत त्याहूनही पातळ. त्यावर जोराचा झोत एका जागी धरला की तो फुगतो वा वाकतो. पुष्कळ कारागीर समजतात की तो तापून वाकतो. खरे कारण निराळे आहे. तांबट पातेल्याचा पत्रा एका बाजूने ठोकू लागला म्हणजे त्या बाजूचा थर पसरतो व पत्र्यास गोलाई येते, हे आपण बाजारपेठेत पाहिलेले असते. झोतातील कण नेमके तेच करतात. फरक इतकाच की तांबटास गोलाई हवी असते आणि आपणांस नको असते. एकदा बॉनेट असे लाटालाटांचे झाले की त्यावर लुकण, म्हणजे गॅरेजातली पुट्टी, थापत बसण्याची पाळी येते. आणि जाड पुट्टी पुढे तडकते. म्हणून पातळ पत्र्यासाठी हवेचा दाब कमी, नॉझलचे अंतर अधिक, झोत तिरपा आणि कण मऊ असावे लागतात.

मऊ कण म्हणजे काय, असे वाचक विचारतील. अक्रोडाच्या कवचाचा भुगा, प्लॅस्टिकचे दाणे, इतकेच काय पण आपल्या स्वयंपाकघरातील खाण्याचा सोडासुद्धा या कामास लागतो. न्यूयॉर्कच्या बंदरातील स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याची १९८६ च्या शताब्दीपूर्वी मोठी डागडुजी झाली, ती या दृष्टीने मनोरंजक आहे. पुतळ्याचा तांब्याचा पत्रा जेमतेम अडीच मिलिमीटरचा, आणि आतल्या बाजूस रंगाचे व डांबराचे थरावर थर चढलेले. वाळूचा झोत मारता तर तांबेच झिजले असते. म्हणून कामगारांनी द्रवरूप नायट्रोजनने वरचे रंग गोठवून पाडले आणि खालचे डांबर खाण्याच्या सोड्याच्या फवाऱ्याने काढले. काही सोडा फटींतून बाहेर झिरपला व त्याचे डाग बाहेरील हिरव्या थरावर उमटू लागले, तेव्हा पाण्याने धुण्याचे काम वाढले. मोटारीच्या पत्र्यावरही हेच होते. सोडा नीट धुतला नाही तर त्यावर नवा रंग धरत नाही. एका संकटातून दुसरे उभे राहणे हे रंगकामात नित्याचेच आहे.

ॲल्युमिनियमच्या बॉडीस पोलादी कणांचा झोत मारू नये, हेही सांगून ठेवतो. पोलादाचे बारीक तुकडे मऊ ॲल्युमिनियमात रुतून बसतात आणि पुढे ओल लागताच तेथूनच खराबी सुरू होते.

पण पत्रा बिघडला तर नवा घेता येतो. दुसरा दोष असा आहे की तेथे काही नवे घेता येत नाही.

नदीची वाळू ही बव्हंशी गारगोटीच्या जातीची, म्हणजे सिलिका. वाळूचा कण वेगाने लोखंडावर आदळला की फुटतो, आणि फुटून जो धुरळा होतो त्यातील सर्वांत बारीक कण डोळ्यांस दिसतच नाहीत. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून लहान असलेला कण नाकातील केसांनी व ओलाव्याने अडत नाही. त्याहूनही बारीक कण थेट फुप्फुसाच्या टोकाशी असलेल्या वायुकोशांत जाऊन बसतात. शरीर त्यांना पचवू शकत नाही व बाहेरही टाकू शकत नाही. कणाभोवती व्रण भरल्यासारखा कठीण तंतूंचा गोळा तयार होतो. असे हजारो गोळे झाले की फुप्फुस पूर्वीसारखे प्रसरण पावत नाही. यास सिलिकोसिस म्हणतात. त्यावर औषध नाही. धुळीचे काम सोडून दिले तरी आतील बिघाड पुढे वाढत राहू शकतो. खाणीत वा दगडकामात हा रोग दहा-वीस वर्षांनी दिसतो. वाळूच्या झोतात धूळ इतकी दाट आणि ताजी फुटलेली असते की थोड्याच वर्षांत, क्वचित काही महिन्यांतही तो माणसास गाठतो. ओल्या रुमालाने हा धुरळा अडत नाही. रुमालाच्या विणीतील भोके त्या कणांच्या मानाने वेशीएवढी असतात.

तुर्कस्तानात जे झाले ते सांगण्याजोगे आहे. जीनच्या नव्या विजारी जुन्या, विटलेल्या दिसाव्यात अशी फॅशन निघाली, आणि तो विटकेपणा आणण्यासाठी लहान लहान बंद खोल्यांत कापडावर वाळूचा झोत मारला जाऊ लागला. काम करणारे पुष्कळ जण खेड्यांतून शहरात आलेले कोवळे तरुण होते. काही वर्षांतच ते धापा टाकू लागले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय पाहणीत अशा १४५ जुन्या कामगारांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या फुप्फुसांत सिलिकोसिस आढळला. २००९ साली तुर्कस्तान सरकारने कापडावर असा झोत मारण्यास बंदी केली. विजार जुनी दिसावी एवढ्यासाठी ही किंमत मोजली गेली!

परदेशातील उदाहरण दूरचे वाटत असेल तर उज्जैन विभागातीलच मंदसौरकडे पाहावे. आपणांपैकी वडील पिढीने शाळेत पाटीवर जी दगडी पेन्सिल फिरवली, तिचा फार मोठा धंदा मंदसौर भागात होता. दगड विजेच्या करवतीने कापून पेन्सिली काढीत आणि कापताना उडणारी धूळ कामगारांच्या नाकातोंडात जाई. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायस्वास्थ्य संस्थेच्या संशोधकांनी या कामगारांची तपासणी केली. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत निम्म्याहून अधिक कामगार सिलिकोसिसने ग्रासलेले आढळले. १९८२ साली मध्य प्रदेश शासनाने त्यांच्यासाठी स्वतंत्र कल्याणनिधीचा कायदा केला. आम्ही मुळाक्षरे गिरवली ती या धुळीतून आलेल्या पेन्सिलीने, हे त्या वयात कोणास ठाऊक होते?

आणि झाबुआ-अलिराजपूरकडील भिल्ल बांधवांची कथा तर आपणांस अधिकच जवळची, कारण त्या भागात आपल्या श्रद्धेची पुष्कळ कुटुंबे आहेत. तेथील स्त्रीपुरुष मजुरीसाठी गुजरातेत गोध्रा व बालासिनोर येथील गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत जात. पांढऱ्या पिठासारख्या धुळीत काम करून ते घरी परतत, आणि काही काळाने खोकू लागत. गावात त्यास क्षय समजून क्षयाचीच औषधे दिली जात. ही चूक सहज होते, कारण दोन्ही रोगांत खोकला, धाप व अंग वाळणे ही लक्षणे सारखी. शिवाय सिलिकाने पोखरलेल्या फुप्फुसास क्षयही लवकर जडतो. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० साली मृत झालेल्या २३८ मजुरांच्या वारसांस प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत अशी शिफारस गुजरात शासनास केली, आणि २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते देण्याचा आदेश दिला. घरात खोकणारा मनुष्य असेल आणि तो कधीही दगड, वाळू वा काच यांच्या धुळीत राबलेला असेल, तर डॉक्टरांस ती गोष्ट आपण होऊन सांगावी. डॉक्टर विचारतीलच असे नाही.

कायद्याने या बाबतीत डोळेझाक केलेली नाही. ब्रिटनमध्ये १९४९ च्या नियमांनी झोताच्या कामात वाळू वापरण्यास मनाई झाली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने सिलिकोसिस हा सरकारात कळवण्याचा रोग ठरवला. २०२० च्या नव्या कामगार संहितेच्या सूचीतही त्याचे नाव आहे. परंतु कायदा कारखान्याच्या फाटकापाशी थांबतो. रस्त्याकडेच्या छपरीत किंवा घरच्या अंगणात तपासनीस येत नाही. तेथे राखण करावयाची ती घरच्यांनीच. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली श्रमाविषयीच्या आपल्या विश्वपत्रात, शरीरास अपाय न होणाऱ्या जागी काम करावयास मिळणे हा श्रमिकाचा हक्क म्हणून गणला आहे. तो हक्क भाड्याने आणलेल्या मजुरास जसा आहे तसाच आपल्या मुलासही आहे, आणि मुलाच्या शेजारी टोपले घेऊन वाळू भरणाऱ्या पोरालाही. पुष्कळदा झोत मारणारा काहीतरी तोंडाला बांधतो. वाळू भरणाऱ्याच्या तोंडाला काहीच नसते.

तिसरा धोका वाळूत नसून रंगात आहे. जुन्या काळी लोखंडास पहिले अस्तर शेंदराचे देत. शेंदूर म्हणजे शिशाचे भस्म. येथे एक गोंधळ दूर केला पाहिजे. हल्ली दुकानात मिळणारे तांबूस 'रेड ऑक्साईड' हे लोखंडाचेच, म्हणजे आपल्या गेरूचे भावंड. ते शेंदूर नव्हे. दिसावयास दोन्ही तांबडी असली तरी पहिल्याने सहसा बाधा होत नाही आणि दुसरे विष आहे. जुन्या झळझळीत पिवळ्या व नारिंगी रंगांतही शिसे असे. २०१६ च्या नियमांनी घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा घातली, पण ती वाहनांच्या व कारखानी रंगांस लागू नव्हती. तेव्हा जुन्या गाडीच्या रंगात शिसे असावे असेच धरून चालणे शहाणपणाचे. असा रंग जाळला तर शिशाचा धूर होतो आणि झोताने उडवला तर शिशाची धूळ. ही धूळ अंगणात पडते, तेथे लहान मुले खेळतात, हात तोंडात घालतात. आणि शिसे मुलांच्या बुद्धीवर आघात करते. ज्योतीचा मार्ग आम्हांस का पसंत नाही ते आता ध्यानी आले असेल.

मग जीपचे काय करावे? त्या मातोश्रींस आम्ही असे कळवले. गाडी खोलून सांगाडा व चाके वेगळी करावीत आणि तेवढीच जिथे बंद खोलीत, धूळ ओढून घेणाऱ्या पंख्यासह, पोलादी कण वा गार्नेट वापरून काम होते अशा कारखान्याकडे द्यावीत. गार्नेट ही आपल्याच देशाच्या किनाऱ्यावरील वाळूत सापडणारी तांबूस, जड खनिजवाळू आहे. तिच्यात मोकळी सिलिका अगदी थोडी असते आणि ती गाळून पुन्हा वापरता येते. तेथील कामगाराच्या डोक्यावर बाहेरून शुद्ध हवा पुरवणारे शिरस्त्राण आहे की नाही हे डोळ्यांनी पाहावे. नसेल तर दुसरीकडे जावे, मग तो कितीही स्वस्तात करून देवो. पाण्यासह झोत मारण्याचीही पद्धत आहे. तीत धूळ बरीच कमी उडते. बॉडीचा पातळ पत्रा मात्र घरीच रिमूव्हर व ओल्या घासकागदाने करावा. कोरडे घासू नये. खरवडलेले पापुद्रे कागदावर झेलून, पिशवीत बांधून ठेवावेत. चुलीत वा परसात टाकू नयेत. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवू नयेत.

कारखान्यास देण्यापूर्वी बेअरिंगे, ब्रेकचे भाग व सर्व भोके कापडाने व चिकटपट्टीने बंद करून घ्यावीत, नाहीतर कण आत शिरून सहा महिन्यांत सर्व झिजवतील. सांगाड्यावर कोरलेला क्रमांक जाड पट्टीने झाकण्यास विसरू नये; तो पुसट झाला तर परिवहन कार्यालयात घालाव्या लागणाऱ्या खेपांपुढे रंगाचा खर्च काहीच नव्हे.

आणि सर्वांत महत्त्वाचे, दिवस निवडावा. उघडे पडलेले लोखंड तान्ह्या मुलासारखे असते. दमट हवेत ते काही तासांतच तांबूस दिसू लागते, आणि उघड्या बोटाचा घामट ठसाही त्यावर उमटून गंजतो. झोत मारलेल्या लोखंडास त्याच दिवशी, शक्यतो चार तासांत, अस्तर चढले पाहिजे. श्रावण-भाद्रपदात हे काम काढूच नये. माळव्यात दिवाळीनंतरची कोरडी हवा यास उत्तम; मात्र पहाटे दव पडलेले असताना हात लावू नये, ऊन वर येऊ द्यावे. अस्तर दिल्यावर ते पुरते वाळण्याआधी घाईने वरचा रंग चढवणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत. त्यांना सणाची घाई असते, लोखंडाला नसते.

राहता राहिला रंग कोणता द्यावा हा प्रश्न. जुन्या जीपगाड्यांचे थर खरवडत गेले की पुष्कळदा सर्वांत तळाशी लष्करी हिरवा लागतो, कारण दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकून टाकलेल्या गाड्या देशभर पसरल्या होत्या. मुंबईत महिंद्रांनी १९४७ साली जीप जोडण्यास आरंभ केला, त्यानंतरच्या गाड्या निराळ्या. तळचा तो हिरवा रंग पाहून घरातील तरुणांस तोच पुन्हा द्यावा असा मोह होतो. परंतु १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांपुरता राखून ठेवलेला आहे. खाजगी गाडीस तो देता येत नाही. इतर कोणताही नवा रंग दिल्यास नोंदणीपत्रात तशी नोंद करून घ्यावी लागते, आणि त्यासाठीचा अर्ज गाडी रंगवावयास टाकण्यापूर्वीच दिलेला बरा.